दोन नांगर, तातडीने

तीर्थरूप मामा,

दोन्ही पायांवर डोकं ठेवून नमस्कार (डाव्या पायाची सूज अजून असेल तर तूर्तास एकाच पायावर). मामीचा खोकला कसा आहे? इकडे मी ठणठणीत असून लढाईही व्यवस्थित चालली आहे. निघताना तुम्ही सर्वांदेखत म्हणाला होतात, "छापखाना सोडलास, सर्कस सोडलीस, बेकरीवाल्याने तर तुलाच सोडलं. एका नोकरीत वर्ष काढून दाखव, मग शिंप्याकडे त्याच्या मुलीसाठी शब्द टाकतो." मामा, वर्ष झालं. नुसतं झालं नाही, तुमचा आरमारी कारकून वर चढला. कसा, ते सविस्तर लिहितो, म्हणजे शिंपीबुवांपुढे तुम्हाला अडखळायला नको.

आमची कचेरी धक्क्याला लागूनच आहे. खाली कोठार, वर आम्ही. माझ्या टेबलाचा एक पाय आखूड (सर्कशीतल्या हत्तीच्या स्टुलाचंही तसंच होतं, पण हत्ती तक्रार करत नसे. असो). जहाजवाले मागतील तो माल मागवून देणं हे माझं काम. दोर, रंग, कंदील, बटणं. एकदा एक सारंग (म्हणजे खलाशांचा मुकादम) धापा टाकत जिना चढून आला नि म्हणाला, "दोन नांगर पाहिजेत. मोठे. तातडीने." मी तुमच्या शेतावर वाढलेला; नांगर म्हटल्यावर मला दुसरं काय दिसणार? आरमाराला कशाला, असं क्षणभर मनात आलं, पण लढाईच्या दिवसांत फार प्रश्न विचारायचे नाहीत असं आम्हाला बजावलेलं. मी रुबाबात विचारलं, "लोखंडी की लाकडी?" सारंग खेकसला, "लाकडी तरंगेल ना रे शहाण्या!" म्हटलं, बिचाऱ्यांच्या शेतात पाणी फार साचत असेल.

नांगर आले, चांगले फाळासकट. धक्क्यावर ते बघून सारंग जे बोलला ते मामीला वाचून दाखवता येणार नाही. जहाजाला जागच्या जागी धरून ठेवणारा तो लोखंडी आकडा, त्यालाही नांगरच म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. एक जमीन उकरतो, दुसरा जहाज अडकवतो, आणि नाव एकच! यात दोष माझा की भाषेचा? साहेबांनी बोलावलं तेव्हा मी वळकटी बांधूनच गेलो (डोळ्यांपुढे शिंपीबुवांची मुलगी होती, आणि तिच्या पुढे कात्री घेऊन शिंपीबुवा). पण त्याच सकाळी वरून हुकूम आला होता की लढाईमुळे भाजी मिळत नाही, प्रत्येक कोठाराने आपली आपण पिकवावी. साहेब म्हणाले, "हे नांगर कोणी मागवले?" मी छाती पुढे काढली. "मीच, साहेब. हुकमाच्या आधीच."

मग कोठारामागची पडीक जमीन नांगरायला घेतली. बैल नव्हते, म्हणून खलाशी जुंपले, सारंग सगळ्यांत पुढे. वळताना "वल्हव डावीकडे!" असं ओरडत असल्यामुळे नांगराचे तास वाकडे गेले, पण मुळे सरळ आले. साहेबांनी मला हेडक्लार्क केलं, बाहीवर पट्टी चढवली आणि शेरा मारला, "नांगराच्या कामात विशेष प्रावीण्य." मोठ्या कचेरीत शेरे वाचणारे सगळे समुद्रावर मुरलेले. ते इतके खूश झाले की त्यांनी आणखी एक पट्टी देऊन मला लढाऊ जहाजावर नांगरांचा मुख्य भांडारी नेमलं! सारंग म्हणाला, "जा बाबा, आता समुद्रात पेरणी कर." जळतो, दुसरं काय. तर शिंपीबुवांना दोन्ही पट्ट्या ठासून सांगाव्यात.

तुमचा आज्ञाधारक (आणि आता बराच वजनदार) भाचा

ता. क. शब्द याच आठवड्यात टाका. काल जहाज बघायला वर चढलो होतो. धक्क्याला बांधलेलं होतं, तरी दोनदा ओकलो. शिवाय मला पोहता येत नाही हे तिकडे अजून कोणी विचारलेलं नाही.

आणखी ता. क. नवं लग्न झालेल्याला सहा महिने किनाऱ्यावरच ठेवतात, असा आरमाराचा नियम आहे. जहाज पुढच्या महिन्यात सुटतं. तारीख त्याच्या अलीकडची धरा.

शेवटचं ता. क. हा नियम मला ठाऊक नव्हता, तिनेच पत्राने कळवला. सध्या आरमाराचे कपडे त्यांच्याच दुकानात शिवतात, त्यामुळे तिला सगळं कळतं. तेव्हा मुलीचं तुम्ही बघू नका, फक्त बापाचं बघा. तिने माझ्या मापाचा लग्नाचा कोट कापायलाही घेतला आहे. बापाला सांगितलंय, गिऱ्हाईक घाईत आहे.