बाळाची मान आणि तुमचा आवाज

पळसदरी, सोमवार

ती. स्व. वाल्मिकदादा यांस धाकट्या कान्हाचा वाकून नमस्कार. (पत्र आहे म्हणून ‘तुम्ही’ लिहितोय.) साजगावला लेकीकडे तुमचा गुडघा आणि वहिनींची तब्येत बरी असेल, असं धरून चालतो. ‘हळू बोल, बाळ निजलंय’ एवढंच मी म्हणालो, तर तुम्ही शेजारच्या घराला कुलूप घालून गेलात. फोन उचलत नाही, म्हणून हा कागद. इकडे सगळे उभे आहोत, पण पार दमलोय.

तुम्ही गेल्यावर महिन्याभराने बाळाला आंघोळ घालताना आमच्या हिच्या लक्षात आलं, की डोकं मागून उजवीकडे चपटं बसलंय. सदा उजवीकडे दाराकडे तोंड करून निजणार. हिने लगेच मोहरीची उशी शिवली. कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी ती आधी काढायला लावली. म्हणाल्या, निजवायचं उताणंच, उशीशिवाय. पण मान दोन्हीकडे वळली पाहिजे, डावीकडे वळतच नाही, स्नायू आखडलाय. जागेपणी समोर बसून थोडं पालथं घाला आणि एक दिवसाआड उशापायथा बदला, म्हणजे दाराकडे बघायला डावीकडे वळेल. आपली सून रुचिता तिथेच रडायला लागली.

घरी आलो तर नवीच कटकट. उशापायथा बदलला की डोकं उत्तरेला! ही खाटेसमोर उभी राहिली. “जित्या पोराचं डोकं उत्तरेला? मी हाय तवर नाय!” मग बाळ जागच्या जागी आणि आमचीच वरात डावीकडे. तिथे खाट आणि तुमची-आमची मधली भिंत यांच्यात जागा दीड हात. त्यात बसून मी आठ दिवस खुळखुळा वाजवला, शेळीसारखा ओरडलो (या वयात!), हिने ताट बडवलं. पोरगं ढिम्म.

शेवटी बाळाच्या बापाने, स्वप्नीलने, मोबाईलवर तुम्ही जाताना पाठवलेला तो मेसेज लावला. “कान्ह्या, माझ्या घरात मी कसं बोलायचं ते तू ठरवनार का रं?” दादा, बाळाने हळूच मान डावीकडे वळवली आणि चक्क हसलं! जन्मल्यापासून त्या भिंतीतून तुमचाच आवाज ऐकत होतं ना. तेव्हापासून दिवसातून तीनदा मी भिंतीला टेकून स्वतःचा उद्धार ऐकतोय. रुचिता स्वयंपाकघरातून आठवण करते, “बाबा, शिव्यांची वेळ झाली.”

तुमचा,
कान्हा

ता. क. चुकलं माझं. तुमच्या अंगणातलं गवत काढून ठेवलंय.

ता. क. दुसरा. मेसेज फार लहान आहे. जमल्यास नवा पाठवा, जरा झणझणीत.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं म्हणून लिहितो. आज डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मान दोन्हीकडे छान वळते, डोकंही हळूहळू भरेल, आता मेसेजची गरज नाही. तरी दुपारी बाळ रुचिताबरोबर बाहेर गेलं, तेव्हा मी एकटाच भिंतीशी बसून तो लावला. दोनदा लावला. ये रं दादा.