शिडीवरून परत

चि. बाळास आशीर्वाद, पण आज जरा हात आखडून.

मंगळवारी, चौदा जुलैला, सकाळी सव्वानऊ वाजता जहाजावरचे सगळे लहान बोटीतून बर्फावरचं अस्वल बघायला गेले. मला मात्र जहाजाच्या डॉक्टरांनी शिडीवरच अडवलं. म्हणाले, "आजी, तुम्हाला बोटीत उतरवू नये, असं तुमच्या मुलाने लिहून दिलंय." अस्वल मी केबिनच्या काचेतून पाहिलं, उंदराएवढं.

सहल दिलीस, पण दावं बांधून. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरसुद्धा आधी मला विचारायच्या, मग शिक्षा करायच्या.

तब्येत ठणठणीत आहे, मोजे उबदार आहेत. सूनबाईची पाठ कशी आहे?

अस्वल बघायला जाणारी शेवटची बोट शनिवारी सकाळी आहे. फोनवरचं गोड बोलणं नको. डॉक्टरांना दिलेलं ते पत्र मागे घेतल्याचं शुक्रवारी दुपारी बाराच्या आत जहाजाच्या मेलवर लेखी कळव.

तुझी आई