पडवीची सुनावणी

घाटकोपर,
श्रावण, १९८६

चि. जयवंतास भावजींचे अनेक आशीर्वाद.

मानखुर्दला सगळी खुशाल असतील, विमलाचा खोकला गेला असेल, असं धरून चालतो. इथे तुझी जानकीताई ठणठणीत. मी मात्र एका जागी बसत नाही. लॉरीचा आवाज आला की पेन टाकून दारात धावतो. (आत्ताच धावलो. वाळूवाला निघाला.)

झालं असं, की मंगळवारी पालिकेची माणसं पहारी घेऊन आमची पडवी तोडायला आली. नोटीस नाही, निरोप नाही. (पडवी जराशी गटारावर गेली आहे, पण तो मुद्दा वेगळा.) गिरणी सुटल्यापासून त्याच पडवीतल्या ताईच्या शिलाई मशीनवर आमची चूल पेटते, हे तुला सांगायला नको. का तोडता, विचारलं, तर म्हणे तक्रार आहे. कोणाची? ते सांगत नाहीत! माझं डोकंच फिरलं. मशीनला मिठी मारून ओरडलो, "आधी माझं ऐका, मग तोडा! मोगलाई लागून गेली काय?" साहेब बिचारा तरुण, कायदा वाचलेला. स्टूल मागवून समोर बसला. मी संपापासून सुरुवात केली, मग गावचा बांधाचा वाद, आईचं आजारपण, पडवीचे पत्रे कुठून आणले (हे सांगायला नको होतं), काही सोडलं नाही. पहारवाले भिंतीला टेकून झोपले. शेवटी साहेबच हात जोडून म्हणाला, "काका, रीतसर नोटीस देतो, मुदत देतो, पण आता पुरे करा." तेव्हापासून जीव टांगणीला आहे, पण माणसाला न विचारता त्याच्यावर हात टाकायचा नाही, हे सगळ्या चाळीला ऐकवत फिरतोय.

विमलाला आशीर्वाद.

तुझा भावजी,
गुणाजी

ता. क. भजन मंडळाची सभा झाली. अध्यक्ष या नात्याने कळवतो, की यंदा गणपतीत पखवाजावर तू नसून दादू बसेल. तू सांताक्रूझच्या मंडळात चोरून वाजवतोस अशी तक्रार आहे. कोणाची, ते सांगता येत नाही. तुला सभेला बोलावलं नाही, कारण तू आला असतास आणि बोलत बसला असतास.

आणखी ता. क. वरचं ताईने वाचलं. मशीन थांबवून म्हणाली, "त्या परक्या सायबान तुमचा आयकल्यान. माझ्या भावाचा कोण आयकतलो?" मला लाज वाटली. (सकाळपासून चहाही मिळालेला नाही.) तर रविवारी नक्की ये. त्याच स्टुलावर बसून तुझं सगळं ऐकून घेतो, अगदी शेवटपर्यंत. येताना मंडळाचा पखवाज मात्र आठवणीने आण. संध्याकाळी दादूची तालीम आहे.