मंद दिसणारा तारा

सर, मुरबाडच्या वर्गात, जिच्यावर माझा जीव होता तिच्यासमोर तुम्ही मला "बस खाली, मजनू" म्हणालात, त्याच क्षणी माझं कॉलेज सुटलं. बाकी सगळी निमित्तं. तुम्ही फळ्यावर विश्वाच्या प्रसरणाचा वेग लिहिला होता आणि मी उठून म्हणालो होतो, की यावर शास्त्रज्ञांत भांडण आहे, एक गट सांगतो त्याच्या जवळजवळ दुप्पट दुसरा सांगतो. "परीक्षेत एकच उत्तर लिहायचं असतं," तुम्ही म्हणालात. ती पहिल्या बाकावरून वळून बघतेय, मग मी कसला थांबतोय? म्हटलं, ठरावीक जातीचे तारे फुटतात ते सारख्याच तेजाने, म्हणजे मंद दिसला तो लांबचा. आमच्या किन्हवलीला गॅसबत्तीच्या उजेडावरून सांगतात, वरात लांब आहे की वेशीत आली.

तुम्ही खडू ठेवलात आणि आमच्या गावची बोली काढलीत. "आणि बत्तीत हवाच कमी मारली असंल तर? नवरा दारात, नि तुमी म्हणणार अजून लांब हाय!" सगळा वर्ग खिदळला. आमच्याकडे खरंच तसं झालं होतं. माणसं ओटीवर निवांत आणि नवरदेव मांडवाबाहेर ताटकळत. तरी मी उभाच राहिलो. तेव्हा तुम्ही मजनू म्हणालात, आणि ती हसली. त्या हसण्याचा सूड मला तुमच्यावर उगवायचा होता.

शहापूरच्या वाचनालयात मासिकं चाळत राहिलो, आणि एका दुपारी तुमच्या बत्तीचं उत्तर सापडलं. ऐका आता. तारा फुटल्यावर त्याचा उजेड किती सावकाश ओसरतो ते बघतात. सावकाश ओसरला तो मुळातच जास्त तेजस्वी, भरकन उतरला तो कमी. हवा किती मारली होती ते कळतं, सर! ज्यांची अंतरं दुसऱ्या रीतीने माहीत होती अशा जवळच्या ताऱ्यांवर हे ताडून पाहिलं, मग लांबचे मोजले, आणि भांडणारे आकडे सरकत सरकत मधे आले. तुमचा फळ्यावरचा एका टोकाचा आकडा चूक होता.

हे तुमच्या वर्गात, पोरांसमोर, तुमच्या तोंडावर सांगायला मी मुरबाडची एसटी पकडली. फाटकातच शिपाई म्हणाला, "कोणाला भेटतंस? सर नाय रे आता. शिमग्याच्या आधीच गेले." मी तिथेच तुम्हाला शिवी हासडली. माझं ऐकायच्या आधी मेलात कसे? त्याला इतकी वर्षं झाली, तरी राग जागचा हलत नाही.

हे पत्र आता कुठल्या पत्त्यावर टाकणार? माझ्या टेबलावरच राहू दे. एक तेवढं सांगतो. उत्तर सापडलं त्या दुपारी मला तिची आठवण आली नाही. तुमचीच आली.

उठलो मी. निघतो, दार ओढून घेतो.