फटफटीतले कुंभारणीचे घर

वांकिडी, ता. ६ ऑक्टोबर १९५६

ती. उद्धवदादांस,
पद्मजाचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सर्व सुखरूप आहोत असे लिहिण्याची रीत आहे, म्हणून लिहिते. प्रत्यक्षात मला फार भीती वाटते. आपण जंगल ठेकेदाराकडून घेतलेली ती जुनी लष्करी फटफटी बैलगाडीतून आली, ती तेव्हापासून गोठ्यातच उभी आहे. टाकीत गंज, साखळी दगडासारखी घट्ट, आणि बैठकीतला काथ्या उंदरांनी ओढून नेलेला.

आपल्या कुसुमवहिनींना नववा लागला. गेल्या वर्षी त्यांना आसिफाबादेस नेताना गाडी नाल्यात रुतली आणि बाळ वाटेतच गेले. यंदा त्यांना न हलवता तिथल्या नर्सबाईंनाच फटफटीवर घेऊन यावे, हा आपला बेत मला पटतो. नर्सबाईंनीही मागे बसून येण्याचे कबूल केले आहे. पण यंत्र चालू झाले नाही तर?

आपले चुलतभाऊ नरसिंगदादा लाकडाच्या लॉऱ्या हाकून आलेले. त्यांना कशाचीच भीती नाही. मी दाराआडून पाहते, तर म्हणतात, मराठीत पयला लंबर आनतेस अन् फटफटीले भेतेस काऊन वं!

शक्य तर रजा घेऊन यावे. माझ्या भित्रेपणाला हसावे, पण माया पातळ करू नये.

आपली धाकटी बहीण,
पद्मजा


आदिलाबाद, ता. १० ऑक्टोबर

चि. पद्मजास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. रजा नाही. एक नोव्हेंबरास राज्यांच्या सीमा बदलणार. राजुरा तालुका मुंबईकडे जाणार, आपण आंध्रात. दफ्तराची वाटणी पुरी होईपर्यंत जागचे हलू नका, असा आमच्या कचेरीच्या पेशकारसाहेबांचा हुकूम आहे. ज्या गावांची नावे मी लहानपणापासून ऐकली, त्यांच्या फायली बांधून दुसऱ्या खोलीत ठेवतो आहे.

आता कामाचे. टाकीत बारीक खडे आणि रॉकेल घालून खूप हलवा, गंज सुटेल. साखळी तेलात बुडवून ठेवा. प्लग काचकागदाने घासा. कार्बोरेटरच्या बारीक भोकात तार घालू नका, भोक मोठे होते, केस घाला. तू वाचून सांग, नरसिंग करील. तो घाईचा आहे. भिणाऱ्या माणसाच्या हातून स्क्रू हरवत नाहीत, म्हणून तू समोर बस.

मीही भ्यालो आहे. हे तुझ्या वहिनीस कळू देऊ नकोस.

आईस नमस्कार, तुझ्यावर लोभ आहे तसाच.

उद्धव


वांकिडी, ता. १६ ऑक्टोबर

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

सर्व आपल्या सांगण्याप्रमाणे केले. भोकात घालायला केस हवा, तर नरसिंगदादांनी माझ्या वेणीकडे पाहिले. मी एक उपटून दिला. काल फटफटी प्रथमच खोकली, दोनदा धडधडली आणि गुदमरून बंद पडली. कारण सापडले. मागच्या सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचे घर बांधले आहे.

ते काढायला मी छत्रीची काडी आणली, तोच आई धावत आली. गरोदर बाईच्या घरी कुंभारीण घर बांधते ते येणाऱ्या जिवासाठी, ते मोडले तर... गेल्या वर्षी झाडलोटीत देवळीतले असेच घर पडले होते, एवढेच ती पुढे म्हणाली.

दादा, कीटकांचा धडा मला तोंडपाठ आहे. ती माशी आपल्या अळीसाठी घर बांधते, आपल्या बाळाशी तिचा संबंध नाही, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले आहेत. तरी मी काडी खाली ठेवली. नरसिंगदादाही मागे सरले. मले नोको सांगू, म्हणाले. वहिनींना आम्ही काही कळवलेले नाही.

मोडू की नको? आपल्या एका शब्दाची वाट पाहते.

आपली,
पद्मजा


आदिलाबाद, ता. २० ऑक्टोबर

चि. पद्मजास आशीर्वाद.

मोड, असे लिहिले आणि खोडले. राहू दे, असे लिहिले, तेही खोडले. इतका शिकूनही माझा हात चालत नाही. आईला पुन्हा विचार. नको, विचारू नकोस. पुन्हा रजा मागतो. तुम्हा सर्वांना सांभाळ, एवढेच.

उद्धव


वांकिडी, ता. २४ ऑक्टोबर

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र हाती आले, तोवर सारे होऊन गेले होते.

सोमवारी सकाळी वहिनींना कळा सुरू झाल्या. नरसिंगदादा किक मारून मारून घामाघूम झाले. फटफटी गुदमरे आणि थांबे. मी काडी धरून उभी होते. इतक्यात भिंत धरत वहिनी गोठ्यात आल्या. चालू काऊन नाई होत, असे त्यांनी विचारले. मी कुंभारणीच्या घराचे सांगितले. त्यांनी काडी माझ्या हातून घेतली. वाकता येईना, म्हणून नरसिंगदादांना फटफटी तिरपी करायला लावली आणि एका दमात घर फोडले. मातीबरोबर हिरव्या अळ्या पडल्या. आई किंचाळली. वहिनी एवढेच म्हणाल्या की, पाप लागन त मले लागू द्या, तुमी निघा.

फटफटी धडधडून सुरू झाली आणि नरसिंगदादा आसिफाबादेकडे सुटले. दिवस कलेपर्यंत मी वहिनींचे पाय चोळत होते आणि मनात त्या अळ्या होत्या. नर्सबाई आल्या, त्या कमरेपर्यंत चिखलाने माखून. बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता. त्यांनी तो सोडवला. मुलगी झाली. रडली. आम्ही सारे तिच्याहून मोठ्याने रडलो. फक्त वहिनींच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. माझ्या अंगी तसे धैर्य कधी येईल?

सोबत त्यांनी स्वहस्ते लिहिलेल्या चार ओळी जोडल्या आहेत. मी त्या वाचलेल्या नाहीत.

बहिणीला आणि आता लेकीलाही आपल्या मायेत जागा असावी.

आपली,
पद्मजा


तुमच्या पायाशी कुसुमचा नमस्कार.

पद्मजाबाईनं लिवलं असन का मी भ्याली नाई. तसं नाई. काडी घातली तवा पोटातलं हालनं थांबल्यावानी वाटलं. नर्सबाई येतवर पोटावर हात ठेवून तेच पाहून राह्यली होती. कोनाले सांगतलं नाई, सांगतलं असतं त सारेच बसले असते रडत. आता पोरगी निजली की मी तिच्या नाकाखाली बोट धरते. आई माह्याशी बोलत नाईत, पन पोरीची दिस्ट त्याच काढतेत.

तुमी या. मोटारीनं या, नरसिंगभाऊजी घ्याले आले तरी फटफटीनं येऊ नका. मले आता लय भेव वाटते.