बारीक माणसाची साखर

सोम., ५ जाने.
घोर अन्याय. बिस्किटांचा डबा स्वयंपाकघरातून हद्दपार. ना चौकशी, ना बाजू मांडायची संधी. चहासोबत भिजवलेले मेथीदाणे! बायको, सुलभा, म्हणाली, "आधी रिपोर्ट वाच, मग खटला चालव."
रिपोर्ट: तीन महिन्यांची सरासरी साखर मधुमेहाच्या काठावर. मला! कॉलेजातली पँट अजून होते. (पट्टा पोटाखालून जातो, तो भाग वेगळा.)

बुध., ७ जाने.
घाटकोपरला डॉ. बाईंकडे. दुसरा मजला, लिफ्ट बंद. सुलभा माझ्या दीडपट, तरी वर जाऊन नंबर लावून बसली. मी मधल्या वळणावर नळदुरुस्तीची जाहिरात अभ्यासत उभा. धाप नव्हे, जिज्ञासा.
डॉ.: "सर, हातपाय काड्या आणि पोट पुढे. स्नायूच नाहीत, साखर जाणार कुठे?" सु.ची साखर ठीक. "वजन यांनीही उतरवायला हवं. पण रोजचं चालणं यांना सांभाळतंय."
मी: "आमच्या काव्यात कृश माणूस विरही असतो, रोगी नव्हे."
"पोट काही विरही दिसत नाही."
चालणे, थोडं वजन उचलणे. तीन महिन्यांत फरक नाही तर गोळ्या.

गुरु., १५ जाने.
बागेत गोल गोल फिरायला मी घाण्याचा बैल नव्हे. माझा उपाय माझ्यापाशी: सोम., गुरु., शनि. कडक उपास.

सोम., २ फेब्रु.
काटा दोन किलो खाली. कळवा म्हणावं डॉ. बाईंना! आनंदात खिचडी दोनदा घेतली. वर रताळ्याचा कीस, शिकरण.

शनि., १४ मार्च
फराळानंतर दोन तासांनी सु.ने शेजारच्यांचं मशीन आणून बोट टोचलं. आकडा बघितला आणि सुटली. "साबुदाणा, रताळं, केळं! याला उपास म्हणतोस? अरे पंडिता, खातोयस काय तू?"
डॉ.ना फोन. वजन उतरलं ते होते नव्हते त्या स्नायूंचं. पोट जागच्या जागी.

मंगळ., १७ मार्च
बागेत गेलो. शरणागती नव्हे, डावपेच. सु. पुढे, मी मागे. वळून म्हणते, "ये ना रे, का पालखी पाठवू?" घरी पाण्याच्या बाटल्या उचलल्या. दंड थरथरले. उद्या पुन्हा उचलणार, बघू कोण दमतं.

रवि., ५ एप्रिल
उद्या रक्त तपासायला द्यायचंय. आकडा काहीही येवो, चालणं सोडणार नाही. जिना परवा न थांबता चढलो, सु. साक्षीदार.
बाबाही बारीकच होते. साखरेने त्यांचे डोळे नेले. तरी सकाळी पेपर हातात घेऊन बसायचे, सवयीने.
परवा दहावीच्या मुलांना शिकवताना तळटीप पुसट दिसली. चष्म्याचा नंबर बदलला असेल. सु.ला बोललो नाही अजून. मला वाचता येईनासं होईल, याची भीती वाटते.