तीन कुलुपं, सात कुत्री आणि आई

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. (वाकायला हल्ली वेगळे कष्ट पडत नाहीत. पलंगाखाली औषध मारून मारून कंबर त्याच कोनात राहिली आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? भावोजींनी मीठ कमी केलं का, की अजून डॉक्टरांसमोर कमी आणि ताटात पहिल्यासारखंच? इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून तेही लिहून टाकते. पुढची पानं वाचून तुम्ही ते वाक्य खोडलंत तरी माझी हरकत नाही. फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोन आईंच्या खुर्चीशेजारी असतो, आणि कितीही हळू बोललं तरी जे ऐकू जायला नको नेमकं तेच त्यांना ऐकू जातं. (एरवी "जेवायला चला" हे तीनदा सांगावं लागतं.) म्हणून दुकानात, दुपारी गिऱ्हाईक नसताना, चष्म्याच्या नंबरांच्या जुन्या कागदांच्या पाठीवर हे लिहितेय. सकाळपासून अकरा जणांना "आता स्पष्ट दिसतंय का?" असं विचारून झालंय. मला स्वतःला विचाराल, तर नाही.

आमच्या गल्लीत दोन चोऱ्या झाल्या हे आईंनी तुम्हाला सांगितलंच असेल, बहुधा चार म्हणून. एक शिंप्याकडे, एक निवृत्त मास्तरांकडे, आणि दोन्ही भर दुपारी, घरातली माणसं कामाला गेली असताना. मास्तरांकडून तर चोरांनी कुकरही नेला, आतल्या उकडलेल्या बटाट्यांसकट. मास्तरांना कुकरचं काही नाही, पण चोर शिट्ट्या संपेपर्यंत थांबला होता की काय, या विचारानं ते खचलेत. त्याआधीपासून आमच्याकडे दुसरं भय होतंच. गेल्या वर्षी आईंना डासामुळे डेंग्यू झाला, तेव्हा तुम्ही आला होतात, पाहिलंत सगळं. डॉक्टर म्हणाले होते, आता या वयात पुन्हा झाला तर अवघड आहे. तेव्हापासून घरात डास दिसला की आम्ही दोघं आधी तो कोणाला चावून आलाय हे बघतो. थोडक्यात, दुपारी घरात आई एकट्या, बाहेर चोर आणि डास, आणि दोघांच्याही कामाच्या वेळा आमच्या बाहेर असण्याच्या वेळांशी तंतोतंत जुळणाऱ्या.

तुमच्या बंधूंनी मग बंदोबस्त हातात घेतला. सत्तावीस वर्षं दवाखान्याचं भांडार सांभाळलेला माणूस. कापसाचा बोळासुद्धा सहीशिवाय बाहेर जाऊ न देणारा. त्यांनी पुढच्या दाराला तीन कुलुपं बसवली, आतून आणि बाहेरून दोन्हीकडून किल्लीनंच उघडणारी. कारण आईंची सवय तुम्हाला ठाऊक आहे, बेल वाजली की दार उघडून मग "कोण?" विचारायचं. तेव्हा ठरलं असं की आम्ही जाताना बाहेरून कुलुपं लावायची, आणि आत खुंटीवर आईंसाठी वेगळा जुडगा ठेवायचा, अडीअडचणीला. (हे वाक्य लिहिताना हात थांबला. बोलताना ते इतकं वाईट वाटलं नव्हतं.) प्रत्येक किल्लीला चिठ्ठी: पुढचं दार वरचं, मधलं, खालचं, कपाट, माळा, मोठी बॅग. दोन दिवस घरात फार शिस्त नांदली. तिसऱ्या दिवशी शिंपी खिडकीशी उभा राहून म्हणाला, "साहेब, चोराची चांगली सोय केलीत. त्याला आता शोधायलाही नको." झालं. त्या रात्री बंधूंनी सगळ्या चिठ्ठ्या अदलाबदल केल्या. वरच्या कुलपाच्या किल्लीला 'माळा', बॅगेच्या किल्लीला 'पुढचं दार मधलं'. खरं काय ते एका वहीत नोंदवलं, वही कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप घातलं, आणि त्या किल्लीवर काय लिहिलं होतं हे वहीत बघावं लागे. मी विचारलं, "आणि आईंना?" ते म्हणाले, "तिला पाठ करून देतो." रोज सकाळी चहाबरोबर उजळणी व्हायची. आई म्हणायच्या, "अरे, तुला पाढे पाठ करायला लावले त्याचा सूड घेतोयस काय?"

खिडकीचं काय झालं ते ऐकून तुम्ही हसाल, हसून घ्या. समोरच्या खिडकीला बाहेरून लोखंडी ग्रिल बसवायला एक माणूस आला आणि आतून डासांची जाळी बसवायला दुसरा. दोघंही एकाच दिवशी, पण एक सकाळी, एक दुपारी. खिडकीच्या झडपा मधल्या मध्ये राहिल्या. बाहेरून ग्रिल, आतून जाळी, दोन्ही पक्की ठोकलेली, आणि झडपांना हात लावायची सोय कुठूनच नाही. ज्या अर्धवट उघड्या अवस्थेत त्या त्या दिवशी होत्या, त्याच अवस्थेत आता कायम आहेत, वाऱ्यावर किंचित वाजतात. ग्रिलवाला म्हणतो जाळीवाल्यानं विचारायला हवं होतं. जाळीवाला म्हणतो, "वहिनी, तुम्ही आधी जाळी करायची होती." दोघंही मला बोलतात, मीच तेवढी कोणाला काही बोलू शकत नाही.

तुम्ही पाठवलेला भुंकणारा गजर मिळाला, त्याबद्दल आभार. (खरंच.) दार हललं की तो अल्सेशियनसारखा भुंकतो. पहिल्याच दिवशी त्याला गल्लीतल्या कुत्र्यांनी उत्तर दिलं, आणि आपला कोणीतरी आत अडकलाय अशी त्यांची पक्की समजूत झाली. तेव्हापासून सात कुत्री फाटकाशी बसून असतात. चोर आला तर ती भुंकतील की त्याला सुटकेसाठी मदत करतील, सांगता येत नाही. शिवाय मास्तरांच्या सांगण्यावरून मी डास पळवणारी रोपं आणली होती, वासानं डास फिरकत नाहीत म्हणे. ती मी आईंच्या हवाली केली, कारण त्यांना दिवसभरात काहीतरी आपलं असं करायला हवं असतं. रोपं बाहेर पायरीशी होती, म्हणून सकाळी आम्ही कुलुपं लावायच्या आत त्यांनी त्यांना मनापासून पाणी घातलं. कुंड्यांखालच्या बशा भरून वाहायच्या.

आता मुख्य गोष्ट. एका सोमवारी दुपारी आरोग्य खात्याची बाई तपासणीला आली. आईंनी तिला जाळीतून बशा दाखवल्या. त्या तीन बशांत तिला डासांच्या अळ्या सापडल्या. डास पळवायच्या रोपांखाली, ताई, डासांचं बालवाडीचं वर्षच चालू होतं. बाईनं बशा उपड्या केल्या, गटारात औषध टाकलं, आणि फाटकाच्या खांबावर निळ्या खडूनं एक गोल, त्यात फुली आणि शेजारी तीनचा आकडा काढला. म्हणजे घर तपासलं, तीन ठिकाणी सापडलं, काम झालं, इथे पुन्हा यायला नको. हे सगळं आईंना माहीत होतं. त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. आपण घातलेल्या पाण्यात अळ्या झाल्या, याची त्यांना लाज वाटली. (मला हे सगळं होऊन गेल्यावर कळलं. माझ्या बोलण्याची भीती वाटली असेल, असंही वाटून गेलं. मी त्यांना काय बोलले असते? बोललेच असते काहीतरी.)

मंगळवारी बंधूंनी ती खूण पाहिली. शिंप्याला बोलावलं. शिंपी म्हणाला चोर असंच करतात, आधी एक येऊन खूण करून जातो, तीन म्हणजे घरात तीन माणसं, आणि फुली म्हणजे दुपारी कोणी नाही. इतक्या ठामपणे तो मापसुद्धा सांगत नाही. बंधूंनी ओलं फडकं घेऊन खूण पुसली, खांब चकचकीत केला, आणि "आता येऊ देत" असं म्हणाले. ज्या घरावर खूण नाही त्या घरात धूर मारायला माणूस येणार होता, हे खात्याच्या पत्रकात छापलं होतं. पत्रक त्यांनी व्यवस्थित फाइलला लावलं होतं.

बुधवारी दुपारी अडीचला तो आला. तोंडाला जाड मास्क, डोळ्यांवर काचा, पाठीवर टाकी, हातात नळी. सात कुत्री बाजूला झाली. (या एका बाबतीत त्यांना दोष नाही.) आईंनी जाळीतून पाहिलं आणि दोन महिने ज्याची वाट पाहायला आम्ही त्यांना शिकवलं तो चोर हाच, असं ओळखलं. तो म्हणत होता, "आजी, दार उघडा, धूर मारायचाय." मशीनच्या आवाजात त्यांना फक्त "मारायचाय" ऐकू आलं. त्यांनी आतून ओरडून सांगितलं, घरात तीन पैलवान झोपलेत. तो बिचारा थांबला, मग म्हणाला, बरं, निदान बाहेरचं गटार करून घेतो. त्यानं गटारात धूर सोडला, आणि वारा आमच्या खिडकीकडे होता.

ती खिडकी मिटता येत नाही, हे तुम्हाला सांगितलंच.

आईंनी आधी पदर नाकाला लावला. मग जुडगा घेतला. 'पुढचं दार मधलं' लिहिलेली किल्ली घातली, ती बॅगेची. पाठ केलेलं सगळं खोकल्याबरोबर गेलं. वही कपाटात. गजर मात्र दार हललं म्हणून इमानानं भुंकत होता. त्या भुंकण्याच्या मधल्या जागेत त्या माणसाला खोकला ऐकू आला. त्यानं मशीन बंद केलं, पिशवीतून पाना आणि सळई काढली, आणि दाराशी बसला. तीन कुलुपं, ताई, चार मिनिटं. त्यातही एक मिनिट मास्क काढून "आजी, घाबरू नका, मी आहे" एवढं म्हणण्यात गेलं. दार उघडल्यावर आईंनी त्याला विचारलं, "तू चोर नाहीस ना रे?" तो म्हणाला, "आजी, चोर एवढा आवाज करत येतो का?" त्यानं त्यांना पायरीवर बसवलं, स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. मला दुकानात फोन आला तो त्याच्याच फोनवरून. मी एका गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर चाचणीची जड फ्रेम तशीच ठेवून धावले. तो गृहस्थ अजून माझ्याशी बोलत नाही.

डॉक्टरांनी छाती तपासली. काही नाही, फक्त घसा बसलाय. बंधू कुलुपांचे तुकडे हातात घेऊन बराच वेळ उंबऱ्यात बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आईंनी आपली मोठी बॅग काढली. (किल्ली बरोबर सापडली, ती आता त्या कधी विसरणार नाहीत.) म्हणाल्या, "मी लेकीकडे जाते. माझी काळजी करता करता तुम्ही दोघांनी घराचा पिंजरा केलात. मी नसले की तुम्हाला कुलूपही एकच लागेल." रागानं म्हणाल्या असत्या तर मी भांडले असते. समजूत घातल्यासारखं म्हणाल्या.

तर रविवारी त्यांना पोचवायचं घाटतंय. तुमच्या सोयीसाठी कळवते: चहात साखर नको म्हणतात, पण अर्धा चमचा घालावा आणि सांगू नये. पंखा लावून शाल घेतात, दोन्हीपैकी एकही काढू नका. दुपारी झोपत नाहीत, डोळे मिटून ऐकत असतात. त्यांच्या खुर्चीचं तोंड दाराकडे असावं. गुडघ्याला तेल लावताना त्या स्वतःच्या आईबद्दल बोलतात. तेवढ्या वेळेपुरतं दुसरं काम काढू नये. बाकी काही विशेष नाही.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
भावजय

ता. क. गजर परत पाठवतेय. तुमच्याकडे उपयोगी पडेल. कुत्री पाठवता येत नाहीत.

ता. क. २. ताई, वरचं सगळं वाचलंत ना, आता हे वाचा. आई फोन करतील तेव्हा त्यांना नाही म्हणा. काहीही सांगा. रंगकाम काढलंय म्हणा, पाहुणे आलेत म्हणा, तुमच्याकडे डास फार झालेत म्हणा. तुम्ही लेक आहात, तुम्हाला "नाही" म्हणणं जड जाईल, आणि मी ते मागावं हे तर त्याहून विचित्र. बावीस वर्षं आमचं कधी फार गोडीनं चाललं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हीच दोघींच्या तक्रारी ऐकल्यात. पण सहा वाजता मी गल्लीच्या कोपऱ्यावर आले की त्या माझी चप्पल ओळखतात. बेलवर बोट जायच्या आत दार उघडं असायचं. गेले दोन महिने मी स्वतःच्या घराची तीन कुलुपं बाहेरून उघडून आत जात होते, आणि त्या आत खुर्चीत बसून माझ्या किल्ल्यांचा आवाज ऐकत होत्या. हे मीच होऊ दिलं. त्यांना मी थांबा म्हटलं तर त्या म्हणतील, सुनेनं कर्तव्य केलं. तुम्ही नाही म्हटलंत तर निदान राहायला कारण मिळेल.

ता. क. ३. हे घरी येऊन लिहितेय. दाराला आज एकच कडी आहे, बंधूंनी बाकीची भोकं लाकडाच्या भुशानं बुजवली. जाळी एका बाजूनं काढली, झडपा मिटतात. त्यांनी त्या आईंसमोर दोनदा मिटून उघडून दाखवल्या. आई बघत होत्या. आत्ता माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या, "एवढं कोणाला लिहितेस?" मी म्हटलं, तुमच्या लेकीला, रविवारचं कळवतेय. मग म्हणाल्या, "लिही तिला, घाई नाही." आणि आत जाता जाता पुन्हा, जरा मोठ्यानं, मला ऐकू आलं नसेल म्हणून.